बुधवार

आधीच्या संस्थेत फरशी चकचकीत होती.
दारात तुळस, भिंतीवर देणगीदारांचे फोटो,
तपासणीला आलेल्या साहेबांनी शहाळं पिऊन
वहीत लिहिलं होतं : उत्तम.
मी ती वही पाहिली होती. मला ते पुरेसं वाटलं.

रघुवीर तिथे सहा वर्षं होता.
शर्ट कुणाचाही कुणालाही, धुऊन आला की वरचा उचलायचा.
एकदा त्याच्या अंगातल्या कॉलरवर
शाईने लिहिलेला सतरा नंबर,
आणि खिशात दुसऱ्याच कुणाची तरी सुपारी.
"शांत झालाय हो आता," मॅडम म्हणाल्या.
शांत म्हणजे सकाळी एक गोळी, रात्री दोन.
साडेसातला दिवे बंद. बेचाळीस वर्षांचा माणूस,
साडेसातला.
मी दर महिन्याला लाडू नेत होते.
लाडू कोण खातं, हे विचारलं नाही.

हे घर आचऱ्याच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी.
कौलं गळतात. परसातल्या न्हाणीची कडी नीट बसत नाही.
रात्री दोनच माणसं, आणि त्यांचा पगार
दोन-दोन महिने येत नाही.
साहेबांनी इथल्या वहीत सात त्रुटी लिहिल्या.
खऱ्याच आहेत. आठवी मी सांगितली असती.

पण आंजेलीन त्याच्या खोलीच्या दारावर टकटक करते.
दार उघडंच असतं, तरी.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं,
कोण पाहुणा आलाय म्हणून.

सुरुवातीला तो ताटापुढे नुसता बसून राहायचा,
कुणी "जेव" म्हणेपर्यंत.
न्हाणीबाहेर उभा, कुणी "जा" म्हणेपर्यंत.
आंजेलीनने "जेव" म्हटलं नाही.
"पेज की भाकरी?" एवढंच विचारलं
आणि गप्प बसली. पेजेवर साय धरली.
दुसऱ्या दिवशी तेच. पुढचे दोन महिने तेच.

मग एका सकाळी त्याने वाटी सरकवली.
"नको."
तिने मला फोन करून सांगितलं,
दहावीचा निकाल सांगावा तसं,
"ताई, तो नको म्हणाला हो!"
मागून इक्बाल ओरडला, "माकाय नको!"
मी बँकेत होते, मागे रांग.
काउंटरवरच्या पासबुकावर डोकं टेकलं.

आता तो बरंच काही नको म्हणतो.
निळा शर्ट नको. दूध नको.
डॉक्टरांनी गोळ्या उतरवत आणल्या
तेव्हा रात्र-रात्र ओरडला, एकदा ताट भिरकावलं.
आंजेलीनच्या कपाळावर ती खूण अजून आहे.
तिने रजिस्टरात लिहिलं :
पंखा बंद केला, रघुवीरला विचारलं नाही. चूक आमची.

काल मी त्याला जत्रेला न्यायला गेले.
नवी पँट घेऊन, रिक्षा थांबवून.
दशावतार बघताना लहानपणी तो माझ्या मांडीवर झोपायचा,
संकासुर आला की बरोबर जागा व्हायचा.
तो ओसरीवर टोपली घेऊन उभा.
"चल रे, घरी."
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खाडीकडे.
"नको. बुधवार."

बुधवारी तो आंजेलीनबरोबर जेटीवर जातो.
बांगडे मोजतो. पंधरापर्यंत बरोबर येतात,
पुढे त्याचं त्याचं गणित आहे.
सुलभा तांडेल ते मान्य करते, वर दोन घालते.

मी म्हटलं, उद्या आणून सोडते.
मी म्हटलं, आई वाट बघतेय.
"आई नाय," तो म्हणाला.
तीन वर्षं झाली आई जाऊन. मी का बोलले
ते मलाही कळलं नाही.

रिक्षावाल्याने हॉर्न दिला.
आंजेलीन मध्ये पडली नाही, पायरीवर चपला शोधत राहिली.
पँटची पिशवी मी तिच्या हातात देऊ लागले.
"त्याची ना? मग त्याला द्या."

त्याने पिशवीत नाक घातलं, वास घेतला.
"आयतवार," म्हणाला.
कुठल्या आयतवारी, ते नाही.
आणि ऊन होतं म्हणून टोपली डोक्यावर पालथी घालून
जेटीच्या वाटेला लागला.