सुरईची जागा

थेक्लाबाईंच्या चित्रांना चौकटी मी करतो.
बावीस वर्षं झाली.
लार्नाकात, किल्ल्यामागच्या बोळात माझं दुकान.
भुसा, सरसाचा वास,
आणि दुपारी दार लोटून घेतलं की फटीतून
मिठाच्या तळ्याकडचा पांढरा, खारट उजेड.

त्या यायच्या काखेत कॅनव्हास मारून,
भट्टीवरून पाव आणावा तशा.
"पंथेली, बारीक पट्टी लाव. सोनेरी नको.
सोनं बघून फळं लाजतात."

चित्रांत माणसं नसत.
एक टेबल, मागे भिंत,
आणि कुठून कुठून आणलेलं काहीबाही:
त्रिपोलीच्या साबणाची अर्धी वडी,
बुखाऱ्याची निळी वाटी, कड उडालेली,
अलेक्झांड्रियाच्या बोटीवर एका खलाशानं दिलेला
पितळी कंदिलाचा नुसता कान.
शेजारी आमच्याकडची लिंबं, बिहीची फळं.
सगळं मापात. लिंबाएवढंच लिंबू.
बिही सडायला लागली तरी हलवू द्यायच्या नाहीत.
"थांब, आत्ता कुठे ती बोलायला लागलीय."

वाटीबद्दल म्हणायच्या,
"ठेवलीय इथे, पण सावली बघ,
अजून तिकडच्या घड्याळाप्रमाणे पडते."
मी मान डोलवायचो.
मला मापं कळतात, सावल्या नाही.

मधोमध कायम ती सुरई.
लाल मातीची, चोचीची, मान मागे टाकलेली,
छताकडे बघून
काहीतरी आठवत असल्यासारखी.
पोटावर काळ्या रेघांचा पक्षी, एक पाय पुसलेला.
बैरूतच्या दुकानात, बंद घड्याळांच्या मागे दिसली.
आपलीच, आपल्या बेटावरची, अडीच हजार वर्षांची.
परक्या गावात माहेरचं माणूस भेटावं तशी.
घासाघीस न करता घेतली म्हणे.
इतक्या चित्रांत ती आली,
की माझ्या हातांना तिचा उतार पाठ झाला.

मग प्रदर्शनात इराक्लिया आली,
संग्रहालयात मातीची भांडी सांधणारी पोरगी.
चित्रासमोर तिचं बोलणंच थांबलं.
दुसऱ्या दिवशी एक फोटो घेऊन आली:
तशीच सुरई, तसाच पक्षी,
फक्त तोंड दुसरीकडे.
एका लहान मुलाची कबर. चोरांनी रातोरात खणलेली.
घाईत एक राहिली, एक गेली.

थेक्लाबाई काही बोलल्या नाहीत.
आठवडाभर खिडकी बंद.

सोमवारी पहाटे माझं दार वाजलं.
सुरई त्यांच्या स्वतःच्या लोकरी स्वेटरमध्ये,
बाह्यांची गाठ मानेभोवती.
निकोसियाच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसल्या.
ड्रायव्हर म्हणाला, "आजी, जपून. काय आहे त्यात?"
"पाणी," त्या म्हणाल्या.
वळणावर त्यांचे हात आखडले, तेव्हा
थोडा वेळ मी धरली.
सवयच वाईट. बूड मोजलं. पाच बोटं.

तिथे कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
तीन कागदांवर सह्या, एका खोक्यात कापूस.
दोन्ही पक्षी समोरासमोर येतील असं मला वाटलेलं.
पण नोंदवह्या वेगळ्या, कपाटं वेगळी,
चौकशी पुरी होईपर्यंत असंच, म्हणाले.
परतताना स्वेटर त्यांनी अंगात घातला.
कोपरावर लाल माती.

हिवाळ्यात, तळ्यावर रोहित उतरले तेव्हा,
त्यांनी नवं चित्र आणलं.
तेच टेबल. वाटी, कंदिलाचा कान, तीन लिंबं.
मधे धूळ न बसलेलं एक वर्तुळ.
लिंबांना सरकून घ्यायला काय हरकत होती?
जागा तर होती.
नाही सरकली.

"कुठली पट्टी लावू?"
"लावू नकोस. नुसतं मोजून ठेव."

त्या गेल्यावर मी दिवा जवळ ओढला,
वर्तुळावर हात धरला.
सात बोटं.

पुन्हा मोजलं.