डावा गाल

दोन नळ्या. एकीवर अ, एकीवर ब.
अ डाव्या गालाला, ब उजव्या,
रात्री, तोंड धुऊन, आठ आठवडे.
एकीत औषध, दुसरीत नुसतं मलम.
कुठलीत काय ते आम्हालाही ठाऊक नाही,
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि हसल्या,
जसं काही हे फार चांगलंच आहे.

नॉल्बेर्तोच्या नाकाची कापाकापी त्याआधीची.
एक थर काढायचा, काचेखाली बघायचा,
तोवर पेशंट बाहेर बाकावर, नाकावर बोळा.
अजून आहे म्हणाले, की पुन्हा आत.
बाकावर चौघं होते, कुणाचा कान, कुणाची पापणी.
दुपारभर पत्ते खेळले.
चार थरांनंतर माझा माणूस सुटला,
तीन हजार पेसो हरून.

उरलेल्या चेहऱ्यासाठी ह्या नळ्या.
चाळीस वर्षं त्यानं मेंढ्या कातरल्या
पुंता अरेनासच्या वाऱ्यात, उघड्यावर.
इथलं ऊन भाजत नाही, थंडच असतं,
म्हणून कुणी ते कधी मोजलंच नाही.
आता चौकात उन्हासाठी सिग्नल आहे.
जांभळा दिवा लागला की घरात बसायचं.
मेंढ्यांना कोण सांगणार?

पाचव्या दिवशी डावा गाल पेटला.
कुठल्या नळीत काय, ते आमच्या मांजरालाही कळलं असतं.
आधी लाल, मग खपल्या, मग खपल्यांखालून पाणी.
सकाळी उशी गालासकट उठायची.
उजवा गाल पाहुण्यासारखा,
कशातच नसलेला.

"चांगलंय," नर्स यास्ना फोनवर म्हणाली,
"औषध लागू पडतंय."
लागू पडतंय!
भिंतीकडे तोंड करून मी रात्रभर
त्याचं न कण्हणं ऐकत होते.
कण्हणारा माणूस परवडतो.

बाराव्या रात्री मी अ उघडली,
बोटभर मलम पिळलं आणि चुलीत टाकलं,
कारण परत घेताना ते नळ्यांचं वजन करतात.
गालाला मेंढीची चरबी लावली, कोमट करून,
माझ्या आईची रीत, चिलोए बेटावरची.
अशा अकरा रात्री.
कॅलेंडरवर कोंबड्यांची अंडी मांडते
त्याच चौकटीत पेन्सिलीनं एक-एक टिंब.
चोरी करायची तर हिशेब ठेवून.

गाल निवला. तो झोपला.
मी नाही.

तेविसाव्या दिवशी तपासणी.
"त्रास उतरलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
आणि तसं लिहिलं गेलं.
येताना वाऱ्यात त्याचा दंड धरून चालत होते
तेव्हा ती बाई डोक्यात शिरली,
कुठल्या गावची कोण जाणे,
हातात हीच नळी, समोर असाच गाल,
आणि कुणीतरी तिला सांगतंय,
दोन आठवडे सोसा, मग आग आपोआप निवते,
कागदावर आहे तसं.
ती दिवस मोजत बसणार.

घरी आल्यावर कोटही न काढता फोन केला.
सगळं सांगितलं. चुलीसकट.
पलीकडे कागद चाळल्याचा आवाज.
"तारखा?"
मी टिंबं वाचली. घाईत दोनदा अंडीही वाचली.
"रागावला नाहीत?"
"ह्यासाठी रकाना आहे," यास्ना म्हणाली,
आणि मग जरा थांबून,
"शिवाय त्यांची वही मी दुपारीच पाहिली."

त्याची रोजनिशी, जी मी कधी उघडली नव्हती.
*इतर तक्रारी* ह्या ओळीपुढे,
कातरीनं काढल्यासारख्या त्याच्या तिरक्या अक्षरात,
ओळीनं अकरा दिवस:

आज औषधाला मेंढीचा वास.
तक्रार नाही.