नदीला गट नंबर नसतो

रजेच्या अर्जात कारण लिहिलं : घरगुती.
सोमवारचीच रजा. रविवारी घाटावर
गाड्या धुणारे, गोधड्या धुणाऱ्या,
भावकीतलं कुणीतरी असणारच,
आणि चाळिशी ओलांडलेल्या बाईला
टोपी घालून पाण्यात उतरताना कुणी बघावं
एवढं माझं अजून झालेलं नाही.

सात महिने पालिकेच्या टाकीत पोहले.
तिथं तळाला काळ्या फरशीची रेघ आहे,
ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.
मी तिच्यावरनं जायचे, जशी बांधावरनं जाते,
दोन्हीकडच्या भावांना न दुखावता.
पंचवीस मीटर. भिंत. वळण. पंचवीस मीटर.
भूकरमापकाला याहून काय हवं?

पहिल्यांदा कृष्णेत डोकं घातलं
तेव्हा खाली काहीच नव्हतं.
हिरवं, मग गडद हिरवं, मग
माझाच हात, कुणा दुसऱ्याचा असावा तसा.
तळ असेल, पण तो कळवत नाही.
मी उभी राहायला गेले
आणि उभं राहायला जागाच नव्हती.

अठरा वर्षं नकाशे काढतेय.
नदी आली की आम्ही दोन वाकड्या रेघा ओढतो
आणि मधे कोरं ठेवतो.
नदीला गट नंबर नसतो.
त्या कोऱ्या जागेत किती पाणी असतं
हे कुणी कधी विचारलं नाही. मीही नाही.

दस्तगीरचाचा नावेतनं म्हणाले,
"म्याडम, पाय खाली कशाला हुडकताय?
पाय मागं असत्यात."

मगरीचं विचारलं.
"हाय की. भिलवडीकडं. इकडं आली तर
तिला आधी तुमचा नारिंगी फुगा दिसंल."
हा धीर होता की काय होतं,
मी अजून ठरवलेलं नाही.

चष्म्यात थुंकायचं, म्हणजे धुकं धरत नाही.
हे आईला सांगता येणार नाही.
आईला नदीचंच सांगता येणार नाही.
एकोणीसच्या पुरात ती तीन दिवस गच्चीवर होती.
अजून कुणी नळ जोरात सोडला
की हातातलं टाकून बाहेर जाऊन बसते.

मग चाचांनी शिकवलं : दर आठ हातांनी
मगरीसारखे डोळे तेवढे वर काढायचे
आणि सांगलवाडीकडची एक खूण धरायची.
वीटभट्टीचं धुराडं. न हलणारं काहीतरी.
"पण धुराड्याला लागायचं तर धुराड्याकडं जायाचं न्हाई.
वरच्या अंगाच्या चिंचंवर नेम धरा.
धुराड्यापतुर पाणी न्हील."

मी हसले. नाकात पाणी गेलं.
ही तर माझी रोजची भाकरी :
लांबची खूण, एक डोळा मिटलेला,
पडणारा फरक आधीच वजा केलेला.
फक्त यंत्राखाली तिवई असायची.
आता तिवई मीच, आणि तीही तरंगती.

रविवारी रात्री केळी आणली, दोनच.
टॉवेल, कोरडे कपडे, कानातला कापूस.
झोप येईना म्हणून विजेच्या बिलामागं नदी काढली,
दोन वाकड्या रेघा. मधे पेन्सिल टेकवली
आणि बराच वेळ उचलली नाही.

सकाळी पायऱ्या शेवाळलेल्या.
पाणी घोट्याला लागलं, थंड,
तेव्हा अर्जातलं कारण आठवलं
आणि ते फारसं खोटं वाटलं नाही.

चाचा शुभेच्छा वगैरे देत नाहीत.
त्यांनी माझ्या चपला उचलल्या,
एकमेकींवर आपटून वाळू झाडली
आणि नावेत ठेवल्या.
"राहू द्या की इथंच," मी म्हटलं.
"पलीकडं काटं हाईत," ते वल्ही धुंडाळत म्हणाले,
"लागतील."