परिमंडळ तीन

महिन्याच्या सव्वीस तारखेला
भोसरीत, लेथच्या घरघरीवर उभ्या केलेल्या माळ्यावर
मी सगळ्यांचे पगार उघडते.
मला ठाऊक असतं कुणाला किती,
म्हणून कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलाशी
कुणी फार वेळ टेकत नाही.

खिल्लारे, वेल्डर, इथे : चोवीस हजार सातशे.
तोच हुद्दा, तोच रॉड, तोच निळा जाळ
हिंगोलीच्या युनिटात : पंधरा हजार शंभर.
मधलं सगळं अंतर
‘परिमंडळ’ नावाच्या बोटभर रकान्यात मावतं.

ऑगस्टात खिल्लारेची बदली झाली.
तिकडे आई अंथरुणाला खिळलेली,
अर्ज त्यानेच केला होता.
सही करताना म्हणाला,
“मॅडम, तिकडं तूरडाळ काय भावानं, लिहिलंय का यात?”
“नाही.”
“मग जाळ तरी गार असंल जरा.”
हसला. मीही हसले,
बोटं की-बोर्डवर तशीच.

माझा धाकटा भाऊ बाणेरला
काचेच्या इमारतीत काहीतरी तपासतो.
त्याचं पॅकेज आई पाहुण्यांना सांगते,
वर्षाचं, लाखांत.
माझ्याबद्दल म्हणते,
“ऑफिस घरापासून जवळ आहे हिचं.”

एक खोडून मी तीन केला.
नऊ हजार सहाशे
आवाज न करता गळून गेले.

खाली एकशे बाराव्या ओळीत माझं नाव येतं.
ती ओळ मी भराभर सरकवते,
ओळखीचं माणूस रस्त्यात टाळावं तशी.

जिन्यातून उजेडाचे झटके वर येतायत.
खिल्लारेच्या जागी
सांगोल्याचा कुणी शिकाऊ पोरगा लागलाय.
त्याचा रकाना
अजून रिकामा आहे.