हिरव्या बांगडीची बाई

मंगळवारी ती कागलच्या कॉलेजात होती.
आज गुरुवार, गारगोटी, पलंग नंबर चार.
पोट डब्यासारखं उघडं,
आत रबरी बाळ, डोकं खाली, नाळेला पीळ,
आणि उजव्या मनगटात तीच
काचेची हिरवी बांगडी, कुणा पोरीनं हौसेनं चढवलेली.

"नवीन डमी हाय म्याडम. पावती बगा."
पावती होती. पावतीवर शिक्काही होता.
माझ्या फॉर्मवर दोन चौकोन :
प्रसूती प्रयोगशाळा आहे, प्रसूती प्रयोगशाळा नाही.
टेम्पोतून फिरते, असं लिहायला जागा नाही.

जेवायला तांबडा, पांढरा.
सोबतच्या सरांनी दुसरी वाटी घेतली,
म्हणाले, सही करून टाका,
पोरींचं वर्ष कशाला घालवता?

पोरी रांगेत. पांढरे बूट, घट्ट वेण्या.
मिसबा नदाफची केसबुक मी उघडली :
वीस प्रसूती, एकाच पेनानं, एकाच दमात.
"हातानं किती?"
तिनं प्राचार्यांकडे पाहिलं, मग बुटांकडे.
"एक. तीपण अर्धी.
मग सिस्टरांनी बाजूला व्हायला लावलं."

माझ्याही वहीत वीसच होत्या.
सतरा माझ्या.
तीन मैत्रिणीच्या वहीतून उतरवलेल्या;
अठरावीचं नाव शेवंता, गाव वळिवडे,
तिचं तोंड मी आजतागायत पाहिलेलं नाही.

खरी अठरावी भेटली चंदगडच्या उपकेंद्रात,
रात्री दीडला, लाईट गेलेली.
बाळ आलं, वार येईना.
मी नाळ धरली आणि ओढायला लागले.
कोपऱ्यातून बायजाक्का उठली,
जिला हात लावायला मीच संध्याकाळी मनाई केली होती,
कायदा सांगून.
"वडू नगंस," म्हणाली, "वाट बग,"
आणि बेंबीखाली तळवा ठेवून
चोळत राहिली, गोळा घट्ट होईस्तोवर.

रजिस्टरात सही माझी.
बायजाक्काचा नंबर कुठल्याच परिषदेत नाही.
माझा आहे, पाच आकडी,
दर पाच वर्षांनी पैसे भरून ताजा करते.
हे मी कुणाला सांगितलं नाही.
सरांना तर नाहीच, ते हाडूक चोखत होते.

टेम्पो पाचला येणार, शिपायानं सांगून टाकलं.
आत्ता अडीच.
मी घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं.
पदर खोचला.
पोरींनो, हात धुवा. कोपरापर्यंत.
एकेक जण या.
मिसबा, तू आधी.
बाळ पुन्हा आत बसव, बघू कशी बसवतेस.
नाही, खेचू नको. अगं, खेचू नको.

फॉर्म खिडकीत, पेपरवेटखाली,
'नाही'वर खूण केलेली,
शाई वाळत होती.
शेऱ्यात एवढंच : मनगटात हिरवी बांगडी,
कागलचा अहवाल पाहावा.

पाच वाजता खाली हॉर्न वाजला.
नववीचा नंबर चालू होता, अजून चौदा बाकी.
परत वाजला.
"थांबू दे त्याला," मी म्हटलं.