टाक्याचं चित्र

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात
वाट मिळत नाही, तरी नेविल मिनेझिस
खोका दोन्ही हातांवर धरून आला,
घरोघर सायबीण नेतात तसा.
आत कापडी पिशवी, पिशवीत पातळ कागद,
कागदात बूट. पांढरे.
उजव्याचा तळ जबड्यासारखा उघडा.

शिवोलीचा हा. तारवटी.
जहाजाच्या सातव्या मजल्यावर लोकांच्या चादरी बदलतो.
जिनोआत घेतले, म्हणाला, चार वर्षांमागं,
तीन महिन्यांची टिप त्यात गेली.
किंमत सांगितली तेव्हा शेजारी चोरीस विकणारी फिलोमेना
माळा मोजता मोजता चुकली.

एकदाही घातले नव्हते.
आईनं कपाटात ठेवलेले, डांबरगोळ्यांशेजारी.
परवा चुलतबहिणीच्या लग्नात घातले
आणि तिसऱ्या नाचाला
हॉलभर पिवळा भुगा,
कुणी शिळा केक चुरडावा तसा.
"ओरिजिनल न्हय मगे, शेवंतीबाय?
म्हाका फटयलो?"

मी रापी घातली.
बाहेरचं रबर ठणठणीत, नखाला दाद देईना.
आतला फेस मात्र गेलेला,
बोट लावलं की बोटाला चिकटून यायचा.
ह्या फेसाला इथली हवा बाधते.
खाडीवरची, मिठागरावरची हवा
बंद खोक्यातही शिरते आणि आत बसून
एकेक दुवा सोडवत राहते,
घाई नसलेल्या माणसासारखी.
चालला असतास तर दाबून दाबून
थोडी तरी बाहेर पडली असती.
"फसवलं नाही रे कुणी," म्हटलं, "अस्सल आहे.
अस्सलच असा मरतो. न वापरता."

ते त्याला आवडलं नाही.
खोटा निघाला असता
तर शिव्या द्यायला कुणीतरी मिळालं असतं.

मग त्याला कड दाखवली.
हे तळाभोवती टाके दिसतात ना,
फूटपट्टी लावून घातल्यासारखे,
त्यांत दोराच नाही.
साच्यात रबर ओतताना पाडलेल्या खळ्या.
टाक्याचं चित्र.
सगळं धरून ठेवलंय ते गोंदानं.

बाप म्हणायचा, गोंद हा पाहुणा, दोरा घरचा.
पण बापाच्या हातात इतकं हलकं काही
कधी आलंच नाही, हेही खरं.
बूट तळव्यावर तोलला
तर वाटलं, कुणीतरी पायाच्या दुखण्याचा
नीट बसून विचार केला होता:
टाचेला उतार, चवड्याखाली मऊ,
बोटांना पसरायला जागा.
चिऱ्याची पायरी आणि आमची ओल
तेवढी त्या विचारात आली नसावी.

दोन दिवस मागून घेतले.
भुगा खरवडला. नवा फोम कापून बसवला.
गोंद दोनदा, मधे ऊन.
मग वाकडी आरी.
रबर जाड, आत हात मावत नाही,
तर्जनीच्या पेरावर नेहमीच्याच जागी रक्त.
एकशे बावीस खळ्या एका पायाला.
प्रत्येकीतून मेण लावलेला दोरा काढला,
खोट्या टाक्याच्या मापात खरा टाका,
इकडे नाही, तिकडे नाही.
इतकी मेहनत कशाची, तर
मी हात लावलाय हे दिसू नये याची.

"कंपनीचोच दिसता!" नेविल खूश.
साडेसातशे सांगितले, सातशे दिले.

घालून जा, म्हटलं.
आणि रोज घाल. बाजारात ये, मासळीला ये.
मान हलवली त्यानं.
मग तिथंच उकिडवा बसून,
पायांत रबरी चपला,
बूट कागदात, कागद पिशवीत,
आणि चार वर्षांपूर्वीच निकामी झालेली
ती सिलिकाची पुडी
खिशातून काढून
पुन्हा खोक्याच्या कोपऱ्यात ठेवली, जपून.