हलगीच्या बाजूने

पळशाच्या मोतीराम गायधनीच्या एकशे बारा कुस्त्या
मी या दोन हातांनी वाजवल्या.
पेपरात आकडा वेगळा आहे.
पेपरवाले हौद्यात उतरत नाहीत.

पहिली कुस्ती नारळावरची, संसरीच्या जत्रेत.
पोरगं इतकं सुकडं
की लंगोटाला एक वेढा जास्त घ्यावा लागला.
मी पाचोळा पेटवून हलगी शेकत होतो.
कातडं तापेपर्यंत त्यानं समोरच्याला आस्मान दाखवलंसुद्धा.
नारळ फोडला, अर्धी वाटी माझ्याकडे सरकवली :
"लहानूबाबा, तुमचं वाजवायचं राहिलं."

मग गंगेकाठची तालीम. वस्ताद तुळशीराम.
पहाटे तीनला जोर, चारला बैठका,
मातीत ताक, हळद, लिंबू, गोडं तेल.
एका वर्षी पूर आला आणि हौद्यातली सगळी माती घेऊन गेला.
वस्ताद पायरीवर डोकं धरून बसले.
मोतीराम म्हणाला, "काय नाय, सायखेड्याच्या पोरांना
तयार माती मिळाली."
त्या साली सायखेड्याच्या एका पोरानं त्याला खरंच घाम फोडला.

लोकांना वाटतं, हलगी कुस्तीच्या मागून चालते.
मोतीराम ढाक लावायचा
त्याच्या आधी त्याचा डावा खांदा जरासा खाली यायचा,
पदरातलं काही सांडू नये म्हणून बाई वाकते तेवढाच.
माझी काडी तिथंच उठायची.
कधी कधी मला वाटायचं, तोच माझ्यामागून येतोय.
हे मी कुणाला बोललो नाही.
हलगीवाल्यानं किती बोलावं
हे गाव ठरवतं.

गदा मिळाली त्या रात्री
दत्त मंदिराच्या चौकात ट्रक अडकला एवढी माणसं.
त्यानं मला वर ओढून घेतलं, गदा मांडीवर ठेवली.
मी बोटानं ठोकून बघितली.
वरून चांदी, आत लाकूड.
हसला. म्हणाला, "गप बस."

ओझरचं मैदान. चंपाषष्ठी.
भंडाऱ्यानं सगळ्यांचे चेहरे एकसारखे झालेले.
सतराव्या मिनिटाला समोरच्यानं घिस्सा मारला.
घिस्सा कच्चा होता.
मोतीराम त्याच्या आधीच पडला,
एका ठोक्याएवढा आधी.
फेटे उडाले, शिट्ट्या झाल्या.
माझी काडी वरच राहिली.
नुरा हा शब्द तिथं कुणीच उच्चारला नाही.
पुढच्या महिन्यात तालमीवर नवे पत्रे चढले.
मला त्या दिवशी दुप्पट बिदागी मिळाली.
मी ती घेतली.

त्यानंतरही तो जिंकला. सिन्नरला, निफाडला, दोनदा पुण्यात.
खांदा मात्र खाली यायचा थांबला.
डाव कुठून येतोय ते मला कळेना,
समोरच्याला तर नाहीच.
सगळे म्हणाले, पैलवान पिकला.

गुडघा गेला, मग नोटांच्या छापखान्यात नोकरी.
दिवसभर कोऱ्या नोटांच्या गड्ड्या उचलायच्या
आणि जाताना झडती देऊन घरी.
मैदानात मॅट आली.
मॅटला शिट्टी लागते, हलगी नाही.
मी लग्नांच्या वराती धरल्या.

आता तो येतो कधी कधी, गुरुवारी.
कान मोडून मोडून बंद कोबीसारखे,
ऐकू फार येत नाही.
हलगीच्या मागून तळहात लावून बसतो.
काल म्हणाला, "ओझरची वाजव."
वीस वर्षांत कधी मागितली नव्हती.
मी वाजवली. सतराव्या मिनिटापाशी
हात सरळ पुढे न्यायचा, असं ठरवून वाजवली.
त्यानं कातडं दाबून धरलं.
"इथं थांबला होतास."
"हो."

मग बराच वेळ दोघंही उगाच रस्त्याकडे बघत बसलो.
चहा आला.
त्यानं वरची साय बोटानं काढून
मांजरीला घातली,
जन्मभर एवढं दूध प्यायलेला माणूस.